वीस मिनिटांचा गोळाभात

“भाऊजी, चालू किती वाजता केलं?”

कुंदावहिनींनी दारातच विचारलं. अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती. दहा महिन्यांचा बापू कडेवर, साडेचार वर्षांची राणू पदराला लोंबकळलेली, आणि मागे जिन्यात अनंता, हातात दुधाची बाटली, दुपट्यांची पिशवी आणि एक रबरी बदक घेऊन धापा टाकत उभा.

“काय चालू केलं?” मी विचारलं.

“स्वयंपाक.”

मी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला दहा मिनिटं कमी होती.

“हे आत्ताच,” मी म्हणालो. “साडेसहाला.”

तीस वर्षं उलटून गेली, आता खरं सांगायला हरकत नाही. त्या शनिवारी मी सुट्टी टाकली होती आणि स्वयंपाक सकाळी नऊला चालू केला होता. नऊला भातातल्या गोळ्यांसाठी चणाडाळ भिजत घातली. दुपारी एकला ती पाट्यावर वाटायला बसलो तो अडीचला उठलो. कांदे चिरताना बोट कापलं. चिंच कोळताना ती सदऱ्यावर सांडली. पावणेसहाला पहिला गोळाभात तळापासून करपला, तो पातेल्यासकट गोधडीत गुंडाळून खाटेखाली सारला, कारण वास लपवायला मला दुसरं काही सुचलं नाही. घरमालकीण कोल्हेकाकूंकडून दुसरं पातेलं आणलं आणि नव्यानं सुरुवात केली. तो दुसरा भात शेगडीवर रटरटत होता आणि मी नुकताच सदरा बदलून, केस विंचरून, अगदी सहज उभा असल्यासारखा दारात उभा होतो.

कुंदावहिनी फक्त “हं” म्हणाल्या. चप्पल काढून आत आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या. एरवी त्या आल्या की पंधरा मिनिटं दुसऱ्याला बोलायची संधी मिळत नसे. त्या दिवशी त्या माझ्या शेगडीकडे बघत गप्प बसून राहिल्या.

मी तेव्हा अकोल्यात एका दैनिकात होतो. जठारपेठेत माडीवर एक खोली, एक खाट, एका बर्नरची शेगडी आणि लग्नाचा पत्ता नाही. नोकरी हंगामी होती. मार्चमध्ये कायम करू, असं संपादक पांढरीपांडेसाहेबांनी तोंडी सांगितलं होतं, आणि त्याचं एकच कारण होतं: रविवारच्या पुरवणीतलं ‘पाहुणे दारात, वीस मिनिटांत’ हे सदर. लेखिका सुगंधावहिनी. जिल्ह्यातल्या बायका हे सदर कापून ठेवत. सुगंधावहिनींना आठवड्याला चाळीस-पन्नास पत्रं येत. कुणी साडीचा रंग विचारे, कुणी माहेर कुठलं म्हणून विचारे.

सुगंधावहिनी म्हणजे मी.

हे साहेबांना आणि मला सोडून कुणालाही माहीत नव्हतं. साहेबांनी बजावलं होतं, “खेडकर, ही वहिनी मिशा ठेवते हे गावात कळलं त्या दिवशी सदर बंद. आणि मग मार्चचं मला विचारायला येऊ नको.” मला स्वयंपाकातलं चहा आणि उकडलेलं अंडं एवढंच येत होतं, त्यातही अंड्याची खात्री नव्हती. पण आईची पत्रं, कोल्हेकाकूंच्या गप्पा आणि वाचकांनी पाठवलेल्या कृती, यांवर माझं बरं चाललं होतं.

वीस मिनिटांचं म्हणाल तर ती मथळ्यात छान बसत होती, बाकी काही नाही. सुरुवातीला एकदा मी पाटवडीखाली प्रामाणिकपणे ‘वेळ: सव्वा तास’ असं लिहिलं होतं. साहेबांनी लाल पेनानं खोडलं. म्हणाले, “पाहुणे दारात उभे राहून सव्वा तास काय करतील? भजन?” तेव्हापासून मी एक युक्ती शोधली. सगळं काम साहित्यातच उरकून टाकायचं. साहित्य: उकडून सोललेले बटाटे, बारीक चिरलेले कांदे, भिजवून वाटलेली डाळ, खोवलेलं खोबरं. मग कृतीत उरतं काय? फोडणी. फोडणीला वीस मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी. बटाटे कुणी उकडले, डाळ कुणी भिजवली, हे मी कधी विचारलं नाही आणि सुगंधावहिनींनीही कधी तोंड उघडलं नाही.

अनंता इंगोले माझा कॉलेजपासूनचा मित्र. पाटबंधारे खात्यात कारकून. मनानं सोन्यासारखा, पण पोटात काही राहायचं नाही. सकाळी त्याला सांगितलेली गोष्ट संध्याकाळी पानठेल्यावर आपल्यालाच ऐकायला मिळे. त्याच्या घरी मी किती वेळा जेवलो याचा हिशेब ठेवला असता तर लाज वाटली असती. मागच्या रविवारी सुगंधावहिनींनी ‘लहान मुलांचे आईबाप जेवायला आले तर’ असा बेत छापला होता: गोळाभात, चिंचेचं सार, काकडीची कोशिंबीर आणि शिरा. तो वाचून अनंता माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला होता, “दिग्या, हा तर तुलाही जमते. एकदा आम्हाला बोलाव न लेका.” मलाही वाटलं, आपलंच लिहिलेलं आहे, आपल्याला न जमायला काय झालं.

तर असे ते सगळे त्या संध्याकाळी माझ्या खोलीत आले होते.

सात वाजून पाच मिनिटांनी मी भाताचं झाकण काढलं. वर तेलाची चुरचुरती फोडणी ओतली. वास तरी चांगला सुटला.

“बघ कुंदे!” अनंता एकदम हरखला. “बघून राहिली न? बाप्या माणूस, एकटा, एका शेगडीवर! साडेसहाला चालू केलं आणि सात-पाचला पान तयार. आपल्या घरी मी हेच तर सांगून राहिलो वर्षभरापासून.”

“वीस नाही झाली, पस्तीस झाली,” मी उगाच विनयानं म्हणालो.

“पाच मिनिटं तर आम्हीच खाल्ली. आणि शिरा पण आहे! दहा मिनिटं शिऱ्याची धर.” अनंता माझ्या वतीनं हिशेब करत होता. “सुगंधावहिनी म्हणजे सुगंधावहिनी, बाप्पा. ते सदर मी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवतो, दर रविवारी. आता ऑफिसातलं कोणी आलं की मी सांगतो, या हो घरी, वीस मिनिटांत जेवण होते आमच्याकडे.”

“आणि येतात?” मी विचारलं.

“येतात न! परवा कार्यकारी अभियंता आले, बायको-पोरांसकट.”

कुंदावहिनींनी ताटं मांडून घेतली. राणूच्या ताटात मी हौसेनं दोन गोळे वाढले. ती एक गोळा उचलून बघत राहिली, मग तिनं तो जमिनीवर टाकून पाहिला. गोळा टप्पा खाऊन वर आला आणि खाटेखाली गेला.

“आई, हा चेंडू आहे?”

“खायचं असते ते,” अनंता म्हणाला. त्यानं स्वतः एक गोळा तोंडात टाकला, बराच वेळ या गालातून त्या गालात फिरवला, आणि मैत्रीसाठी गिळला. “मस्त! जरा… भरीव आहे.”

बापूनं चिंचेच्या साराची वाटी पालथी घातली आणि त्यात बदक पोहायला सोडलं. कुंदावहिनी खाली बसल्या, पुसू लागल्या. पुसता पुसता, वर न बघता म्हणाल्या, “भाऊजी, सोमवारी बाराच्या आत मला एक चिठ्ठी पोहोचवायची आहे. तुमचं ऑफिस तिकडंच आहे न, कन्याशाळेजवळ? जाता जाता देऊन द्याल?”

“देईन की. कसली चिठ्ठी?”

“अरे, तुला सांगायचंच राहिलं!” अनंता म्हणाला. “हिला ऑर्डर आली. गणिताची शिक्षिका म्हणून. कायम नोकरी!”

“वा! वहिनी, पेढे कुठं आहेत?”

“पेढे कसले,” त्या म्हणाल्या. “नाही म्हणून कळवायचं आहे.”

मला वाटलं, अनंतानं नाही म्हटलं असेल. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

“माझ्याकडे काय पाहून राहिला बे? मी तर हो म्हणतो. माझी आई येते म्हणते मुलांजवळ. हीच नाही म्हणून राहिली. कारणही सांगत नाही.”

“कारण काय सांगायचं?” कुंदावहिनी उठल्या आणि फडकं मोरीत पिळू लागल्या. पाठ आमच्याकडे होती. “माझ्यानं होत नाही. बस.”

“काय होत नाही?” मी विचारलं.

त्यांनी फडकं तीन वेळा पिळलं. मग भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाल्या, “थालीपीठ आणि दही, एक तास पाच मिनिटं. मटारची उसळ, एक तास चाळीस. अभियंता आले त्या दिवशी पावणेदोन तास, आणि कोशिंबीर राहूनच गेली. वर्षभर मी मोजून राहिली, भाऊजी. कॅलेंडरच्या मागं लिहिलं आहे सगळं. सगळ्यात कमी एक तास एक मिनिट. साऱ्या जिल्ह्यातल्या बायका जे वीस मिनिटांत करतात त्याला मला दीड तास लागते. मग शाळा, वह्या, दोन मुलं आणि घर हे माझ्यानं कसं व्हायचं? गणित आहे साधं. बसत नाही.”

अनंता घास हातात धरून बसला होता. “हे तू मला कधी बोलली नाही.”

“काय बोलायचं? तुम्ही तर दारावर चिकटवून ठेवता.” त्या वळल्या. डोळे भरले होते, तरी हसायचा प्रयत्न चालला होता. “मला वाटलं होतं, सुगंधावहिनी काहीही लिहिते. म्हणून तर आज आले. म्हटलं, भाऊजींना तरी जमते का बघू. तर तुम्हालाही जमलं. एकट्याला.”

मी हातातला गोळा ताटात परत ठेवला. एक बाई माझ्या साडेसहाच्या भरवशावर आयुष्यभराची नोकरी सोडायला निघाली होती, आणि ती चिठ्ठी मीच पोहोचवणार होतो.

बोलायला हवं होतं. पण समोर अनंता बसला होता. याच्या कानावर गेलं म्हणजे सोमवारी पानठेल्यावर, मंगळवारी साहेबांकडे. मी काकडीची कोशिंबीर वाढायला घेतली. कुणालाही नको होती, तरी सगळ्यांना वाढली.

तेवढ्यात चेंडूच्या मागे गेलेली राणू खाटेखालून ओरडली, “आई! इथं अजून एक जेवण आहे!”

मी उठेपर्यंत तिनं गोधडीचं टोक ओढलं होतं. गोधडीबरोबर पातेलं घरंगळत बाहेर आलं आणि अनंताच्या पायाशी थांबलं. तळाला कोळसा, वर पिवळा चिखल. त्यामागून कांद्याच्या टरफलांची कागदी पिशवी, चिंचेचा सदरा आणि माझ्या बोटाच्या रक्ताचं फडकं.

“आणि काका, हे लाल काय आहे?”

“हे काय बे?” अनंता म्हणाला.

“कालचं,” मी म्हणालो. “काल जरा सराव केला होता.”

कुंदावहिनी पुढे आल्या. वाकून त्यांनी पातेल्याला हात लावला. मग दुसरा हात लावला.

“कोमट आहे,” त्या म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या आणि सरळ माझ्याकडे बघून त्यांनी तेच विचारलं, “भाऊजी, चालू किती वाजता केलं?”

“नऊला.”

“रात्री नऊला? काल?”

“आज सकाळी.”

मी सगळं सांगून टाकलं. डाळ, पाटा, बोट, पहिलं पातेलं, कोल्हेकाकूंचं पातेलं. कुंदावहिनी बोटांवर मोजत होत्या.

“दहा तास पाच मिनिटं,” त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं आणि लगेच विझलं. “पण तुम्ही नवखे, भाऊजी. तुम्हाला लागणारच. सुगंधावहिनीला वीस मिनिटंच लागत असतील न. आणि ज्या बायका रविवारी करून पाहतात त्यांना.”

इथं थांबता आलं असतं. एक फजिती झाली, हसून झालं, अनंतानं ती पानठेल्यावर सांगितली असती आणि माझा मार्च शाबूत राहिला असता. मी चिठ्ठी घेऊन सोमवारी कन्याशाळेत गेलो असतो.

“वहिनी,” मी म्हणालो, “सुगंधावहिनींना गोळाभात येत नाही. त्यांना काहीच येत नाही. त्यांनी आयुष्यात आजच पहिल्यांदा गोळाभात केला.”

“तुम्हाला काय माहीत?”

“कारण बोट माझंच कापलं.”

कुंदावहिनींना कळायला थोडा वेळ लागला. अनंताला त्याहून जास्त लागला. कळलं तेव्हा तो उठून उभाच राहिला.

“तू? सुगंधावहिनी तू?”

“मी.”

“दोन वर्षांपासून?”

“सव्वादोन.”

“अबे, मग मी जे कार्ड पाठवलं होतं…” तो म्हणाला आणि त्यानं चोरून कुंदावहिनींकडे पाहिलं.

“कोणतं कार्ड?” कुंदावहिनींनी विचारलं.

“कोणतंच नाही.”

“माझ्या ट्रंकेत आहे,” मी म्हणालो. “‘आपल्या हातच्या जेवणाची चव कशी असेल या विचारानंच मन भरून येते.’ खाली सही केली आहे. हुद्दाही लिहिला आहे, वरिष्ठ लिपिक.”

अनंताचे कान लाल झाले. कुंदावहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या परत खाटेच्या कडेला बसल्या आणि पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “वर्षभर. वर्षभर मी स्वतःला आळशी समजून राहिली. पहाटे उठून कांदे चिरण्याची सवय केली, भाऊजी. मनगट दुखेपर्यंत. का, तर वेळ कमी व्हावा म्हणून.”

“माझं चुकलं,” मी म्हणालो. मला त्या वेळी जी लाज वाटली तशी मी पुढं फार कमी वेळा अनुभवली.

त्यांनी डोळे पुसले. मग राणूकडे पाहिलं, ती कोरडी कोशिंबीर चिवडत होती. बापू अंगठा चोखत रडायच्या बेतात होता.

“मुलं उपाशी आहेत,” त्या म्हणाल्या. “उठा. उकडपेंडी करा.”

“मी?”

“तुम्ही. मागं छापली होती न, वीस मिनिटांत? घ्या.” आणि त्यांनी बापूला उचलून माझ्या कडेवर दिलं. “हा असाच ठेवायचा. माझ्या कडेवर असतोच. अहो, तुम्ही कांदा चिरा. सुगंधावहिनीचं मन भरून येईल.”

अनंता निमूटपणे विळीवर बसला.

कुंदावहिनींनी माझं गजराचं घड्याळ मांडीवर घेतलं, उशीला टेकल्या आणि पाय वर घेऊन बसल्या. त्यांच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, मी त्यांच्या घरी इतक्यांदा गेलो होतो, पण जेवणाच्या वेळी त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

एका हातानं कणीक भाजून पाहा. बापूनं पहिल्या मिनिटात माझा चष्मा घेतला, दुसऱ्यात उलथनं. मी शेगडीपासून त्याला लांब धरावं तर माझा हात कढईपर्यंत पुरेना, हात पुरावा म्हणून वळावं तर त्याचा पाय माझ्या पोटात. मध्येच राणूला शू लागली. माडीवरून खाली न्यायचं आणि परत आणायचं. अनंता न्यायला उठला तर कांदा राहिला, म्हणून मी दोन्ही मुलं घेऊन गेलो, परत आलो तर कणीक एका बाजूनं काळी. ती टाकली, दुसरी घेतली. मीठ सापडेना. मीठ सापडलं तेव्हा बापूनं दुपटं ओलं केलं, माझ्या नव्या सदऱ्यासकट.

“तेवीस मिनिटं,” खाटेवरून आवाज आला. “पाहुणे अजून दारातच उभे आहेत, सुगंधावहिनी.”

“येऊ दे न त्यांना आत!” अनंता डोळ्यांतलं पाणी पुसत ओरडला. “हा कांदा काय सोपा आहे का? तू रोज कसा चिरते?”

“मला काय माहीत. तो तर साहित्यात चिरलेलाच असते.”

ते म्हणताना त्या पहिल्यांदा हसल्या. राणूही हसली, बापूही हसला, त्याला काहीच कळलं नव्हतं तरी. फोडणीच्या वेळी मी बापूला अनंताकडे दिलं, ताकाचं पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. घामानं डबडबलो होतो, आणि डिसेंबर महिना होता.

उकडपेंडी झाली तेव्हा घड्याळात चोपन्न मिनिटं झाली होती. राणूनं दोन वेळा मागून घेतली. बापूनंही बोटभर चाटली.

जेवणं झाल्यावर कुंदावहिनी म्हणाल्या, “कागद घ्या.”

मी ऑफिसचा कागद घेतला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. कांदे सोलून चिरणे, तेरा मिनिटं. कणीक भाजणे, बारा. करपली तर पुन्हा बारा. मुलाला खाली नेणे आणि आणणे, सात. मीठ शोधणे, दोन. अशी एकेक ओळ. शेवटी त्या म्हणाल्या, “बेरीज करा.” मी केली ती चुकली, त्यांनी दुरुस्त करून दिली.

“खाली लिहा. एकूण वेळ चोपन्न मिनिटं, दोन माणसं कामाला असल्यास. एकट्या बाईला दीड तास. आणि सही करा.”

“कोणाची?”

“जिनं छापलं तिची.”

मी ‘सुगंधावहिनी’ अशी सही केली. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. चिठ्ठी मात्र त्यांनी माझ्याकडे दिलीच नाही. सोमवारी साडेअकराला मी ऑफिसच्या खिडकीत उभा होतो, तेव्हा समोरच्या रस्त्यानं त्या कन्याशाळेकडे जाताना दिसल्या. एकट्या, हातात एक पातळशी फाईल. खूप भरभर चालत होत्या.

मंगळवारी मी धीर करून पुढच्या सदरात उकडपेंडी पुन्हा दिली आणि खरा वेळ लिहिला: एक तास तीस मिनिटं, बाळ कडेवर असल्यास. रविवारी पेपर उघडला तर ‘वीस मिनिटे’. साहेबांनी बोलावून सांगितलं, “खेडकर, तुझ्याकडून मोठी चूक जात होती. मी दुरुस्त केली. लक्ष देत जा.” मी भांडलो नाही. इतका शूर मी नव्हतो. मार्चमध्ये कायम झालो, जूनमध्ये स्वतःहून शहर वार्ताहराचं काम मागून घेतलं आणि सुगंधावहिनी ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ निवृत्त झाल्या. अनंतानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. त्याच्या पोटात राहिलेली ती आयुष्यातली एकमेव गोष्ट. ते कार्ड अजून माझ्या ट्रंकेत आहे, हे त्याला माहीत होतं.

कुंदावहिनी मागच्या वर्षी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. त्या आठवड्यात त्यांचा फोन आला: राणू तिची दोन मुलं घेऊन माहेरी आली आहे, तुम्हीही जेवायला या.

मी सातला पोहोचलो. एक नातू दारातून बाहेर पळत होता, दुसऱ्याला वहिनींनी कडेवर घेतलं होतं. त्यांच्यामागे स्वयंपाकघराचं दार दिसत होतं आणि दारावर प्लास्टिकच्या पाकिटात तो कागद, पिवळा पडलेला, माझ्या अक्षरातला. दाराच्या आत अनंता. टक्कल पडलेलं, कमरेला फडकं, समोर विळी आणि कांद्यांचा ढीग.

मी अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती.

“का बे वरिष्ठ लिपिक,” मी तिथूनच ओरडलो, “चालू किती वाजता केलं?”

त्यानं दंडानं डोळे पुसले.

“खरं सांगू,” तो म्हणाला, “की पेपरातलं?”